कोरसची ओळ

अठ्ठ्याण्णवची गोष्ट. कोपरगावात भीमजयंतीच्या कॅसेटचं गाणं जोडताना काँप्युटर सारखा अडखळत होता. पडद्यावर प्रोसेसरच्या ताणाची लाल पट्टी टोकाला भिडलेली.

एखाद्या आवाजाचा ट्रॅक पुसला की ताण हलका होतो. मागं चहा पीत बसलेल्या मुख्य गायिकेला, जयमालाला, न विचारता मी तिचाच आवाज पुसला. वाहवा कायम तिचीच. कोरसवाल्याला कोण विचारतं?

पट्टी उतरली नाही. मग ढोलकी पुसली, पेटी पुसली, शेवटी माझा कोरसही पुसला. एकही ट्रॅक उरला नाही, तरी पट्टी लालच.

स्पीकरमधून जयमाला गाऊ लागली. माझ्या ओळीपाशी नेमकी थांबली. ती ओळ कुण्या पुरुषाने उचलली.

मागं कप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"भीमराजदादा, ह्यो कोन? तुमच्यापरीस लई गोड गातोय."