हद्दीचा दगड

"तू रडला होतास," विल्फ म्हणाला.

"रडलास तू. मी नुसता ओरडलो," कथबर्ट म्हणाला.

नव्वदीला टेकलेले दोघे भाऊ ओढ्याकाठी हुज्जत घालत होते आणि हेस्टर अंगाची आग करणाऱ्या झुडपांत काठी खुपसत पुढे चालली होती.

थॉर्नलीवेल गावाचा इतिहास लिहायला घेतल्याला तिला कैक वर्षं लोटली होती. सगळं मिळालं, हद्दीचा एवढा एक दगड मिळत नव्हता. पूर्वी दर वसंतात पाद्री गावाला घेऊन हद्दीवरून फिरायचे आणि प्रत्येक दगडावर पोरांना उचलून बुडावर आपटायचे, जन्मभर लक्षात राहावं म्हणून. त्या पोरांतले आता हे दोघेच उरले होते. एक म्हणे फाटकापाशी, दुसरा म्हणे झाडाखाली. हे गेले की दगडही गेला, या विचाराने हेस्टरला झोप लागत नसे.

काठी टणकन वाजली. तिने माती उकरली. ओबडधोबड दगड, ना अक्षर ना खूण.

"असले दगड इथे ढिगाने असतील," ती हिरमुसून म्हणाली.

"सरक बाजूला." कथबर्ट पाठमोरा झाला आणि सावकाश दगडावर टेकला. जरा इकडे सरकला, जरा तिकडे. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "हाच! डावीकडे टोचतोय मेला. विल्फ, ये, बस."

विल्फ बसला. "अगं आई गं!" तो म्हणाला, आणि दोघे खो खो हसत सुटले.

हेस्टरला आनंदाने काय करावं सुचेना. तिने दोघांना कवटाळलं आणि घाईघाईने फोन काढला. "फोटो घेते. पुस्तकात छापला की कोणी विसरणार नाही."

"फोटोने कधी लक्षात राहतं का?" विल्फ म्हणाला. "रीत ती रीत. इथे सगळ्यांत लहान कोण?"

हेस्टरने मागे वळून पाहिलं. मागे फक्त मेंढ्या होत्या.

"विल्फकाका, साठी उलटली माझी! आणि मुलींना कुठे आपटायचे?"

"नाही आपटायचे, म्हणून तर तुला दगड सापडत नव्हता." कथबर्टने तिचा एक दंड धरला, विल्फने दुसरा. "चल, पोरी."

"हळू हं," हेस्टर म्हणाली. मग तिलाच हसू फुटलं. "नको, हळू नको."