वाटीतले उडीद

"भामाताई, संध्याकाळी दिवा लावताना मनाला विचारायचं, आजचा दिवस कसा गेला? बरा गेला तर वाटीत तांदळाचा दाणा टाका, जड गेला तर उडदाचा. महिन्याने वाटी घेऊन या. खोटं मात्र नको हं." डॉक्टरीणबाई असं म्हणाल्या होत्या, आणि भामाने देवाशप्पथ शब्द दिला होता.

पण एवढे उपासतापास करणाऱ्या बाईचं मन रोजच जड? देवापुढे उडीद टाकायची तिला लाज वाटे. ती रोज तांदूळच टाकी.

सकाळी मात्र वाटीत उडीदच असत.

"काय गो, वडे करतेस काय?" नवऱ्याने, काशीरामने, वाटी बघून विचारलं. ती कसनुशी हसली. उडीद तिने घरात आणलेच नव्हते.

महिना भरला. ही वाटी डॉक्टरीणबाईंना कुठल्या तोंडाने दाखवायची? जायचंच नाही असं ठरवून ती पीठ मळायला बसली.

तेवढ्यात दाराची कडी निघाली. गॅलरीतून काशीराम खाली ओरडला, "भामे, पळस्प्याच्या नाक्याकडून येणारी रिक्षा पकड! आणि वाटी सांभाळ!"

पिठाच्या हातांनी भामा त्याच्यामागे येऊन उभी राहिली. खाली तिचीच जांभळी साडी नेसलेली बाई, पदराखाली वाटी धरून, दिलेला शब्द पाळायला हळूच फाटकाबाहेर पडत होती.