शेहेचाळीस उंदीर

प्राणिघरामागच्या स्मारकाच्या दगडापुढे धूप लागला, भिक्षूचं पठण संपलं आणि प्राध्यापक इकुशिमा काळ्या सुटात पुढे झाले. संस्थेत मेलेल्या प्रयोगप्राण्यांसाठी जपानी रिवाजाप्रमाणे वर्षातून एकदा हा विधी व्हायचा. दगडापुढे पांढरी शेवंती होती, सफरचंदाच्या फोडी होत्या आणि उंदरांच्या रोजच्या खाद्याच्या वाटीभर गोळ्या. इकुशिमांनी कागदाची गुंडाळी उलगडली आणि गहिवरून वाचलं, "आमच्या मूळपेशींच्या संशोधनासाठी प्राण दिलेल्या शेहेचाळीस उंदरांनो, आम्ही तुमचे ऋणी आहोत."

मागच्या रांगेत उभ्या असलेल्या ताझुको मोमोसेला त्या गहिवराची शिसारी आली. बावीस वर्षं ती प्राणिघर सांभाळत होती. गुंडाळीवरचा आकडा तिच्याच हातचा होता, आणि तो इकुशिमांनी बजावून लिहून घेतला होता. "इथे एकही सुटता कामा नये हं, मोमोसे-सान. मेलेल्यांशी खोटं बोललेलं बाधतं." हाच माणूस सहा महिन्यांपूर्वी शोधनिबंध पाठवताना त्यातले सहा उंदीर साळसूदपणे गाळून मोकळा झाला होता. निबंध तपासणारे जिवंत होते, सुरक्षा समितीही जिवंत होती. जिवंतांचं काय बाधायचंय? आणि तेव्हा आपणही तोंडाला कुलूप लावून बसलो, हे आठवून तिला स्वतःचाही राग आला.

पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीत सुगाया बसले होते. फेरीबोटीचे कप्तान, दीड वर्षापूर्वी शिडीवरून पडले आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. येत्या सोमवारी त्याच पेशी त्यांच्या कण्यात सोडायच्या होत्या, माणसात पहिल्यांदाच. संस्थेच्या पत्रिकेसाठी छान फोटो मिळेल म्हणून इकुशिमांनीच त्यांना आग्रहाने बोलावलं होतं.

फोटो निघाला. सुगायांनी इकुशिमांकडे वळून मांडीवरची उपचाराची माहितीपुस्तिका उघडली. वाचून वाचून तिच्या कडा मऊ पडल्या होत्या.

"सेन्सेई, यात चाळीस उंदीर लिहिलेत. चाळिसांतल्या एकालाही त्रास झाला नाही, असं. आत्ता तुम्ही शेहेचाळीस म्हणालात."

इकुशिमांचा गहिवर कुठच्या कुठे पळाला. "कप्तानसाहेबांचं भारी बारीक लक्ष," ते हसत म्हणाले. "अहो, ते सहा भलत्याच कारणाने गेले. पिंजऱ्यात मारामाऱ्या होतात. मोमोसे-सान सांगतील की."

त्यांनी ताझुकोकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती नव्हती, हुकूम होता. बावीस वर्षं मान डोलावत आलेली बाई आत्ताही डोलावणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

"मारामारी नव्हती," ताझुको म्हणाली. "पेशी सोडल्यावर तिसऱ्या महिन्यात सहाही जणांच्या पाठीत गाठी झाल्या. त्या वाढतच गेल्या. मागचे पाय राहू द्या, शेवटी त्यांना मानही हलवता येईना. मी रोज हाताने चाचपून लिहून ठेवलंय, सुगाया-सान. वही माझ्या कपाटात आहे."

"मोमोसे-सान," इकुशिमा दबक्या आवाजात म्हणाले, "जागेचं तरी भान ठेवा."

"ठेवलंय की. इथे खोटं बोललेलं बाधतं, तुम्हीच शिकवलंत."

भिक्षू आपली जपमाळ आवरण्यात गुंग असल्यासारखा वाकला. बाकीचे संशोधक बुटांकडे बघत राहिले. त्यांच्यातल्या निम्म्यांना ते सहा उंदीर ठाऊक होते.

चालता येईल म्हणून सुगायांनी वर्षभर या एका सोमवारकडे डोळे लावले होते. ते इतक्या सहज सोडवेना. शेवटी त्यांनी पुस्तिकेतून सहीऐवजी आपला शिक्का मारलेलं संमतीचं पान फाडलं, चार घड्या घातल्या आणि कोटाच्या खिशात ठेवलं. खुर्ची दगडाकडे वळवली, हात जोडून मान लववली.

मग मागे न बघताच म्हणाले, "सेन्सेई, सोमवारी मी आलो असतो, तर पुढच्या वर्षी इथे माझी गणती मात्र बिनचूक केली असतीत तुम्ही."