भट्टीवरचं बॅनर

चारुशीलाबाईंनी आपला तुपाचा डबा उचलला, झाकण उघडून आत पाहिलं आणि पुन्हा घट्ट लावलं. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. भट्टी चालवणारी रुख्मिणी लगबगीनं पुढं आली.

"बाई, आताच तर ठेवून गेल्या होत्या तुमी. भट्टी तापली, तुमचाच नंबर हाय."

"राहू दे रुख्मिणी. घरीच करीन काहीतरी."

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतली ही भट्टी दिवाळीच्या तोंडावर बायकांनी गजबजलेली असायची. घरून पीठ, साखर, तूप आणायचं, समोर बसून मळून घ्यायचं आणि गरम नानकटाई आपल्याच डब्यात भरून न्यायची, अशी इथली रीत. इथं तूप ठेवून बाजारात चक्कर मारून आलं तरी चमचाभर कमी व्हायचं नाही, हा भट्टीचा लौकिक. त्या लौकिकावरच रुख्मिणीचं घर चालत होतं. आज मात्र बाकावर कुणी नव्हतं.

कारण दारावरच टांगलेलं होतं. परवा नगरसेवकपदाला उभ्या असलेल्या भाऊंचं बॅनर लागलं. भाऊंचा हसरा चेहरा, खाली कोपऱ्यात हात जोडून उभा असलेला रुख्मिणीचा नवरा शालिकराम, आणि मधे ठसठशीत अक्षरं: 'भाऊंना साथ देणाऱ्यांचंच या भट्टीवर स्वागत.' भाऊंच्या पोरांनी आणून लावलं. शालिकरामला नाही म्हणवलं नाही. उलट लग्नानंतर पहिल्यांदाच एवढा मोठा फोटो निघाला म्हणून स्वारी रस्त्यावर जाऊन जाऊन तो पाहत होती. लोक दुखणं विकत घेतात, यांनी फुकटात घेतलं.

"बाई, त्या बॅनरचं मनावर घेऊ नका," रुख्मिणी म्हणाली.

"आमचे हे भाऊंविरुद्ध कोर्टात लढतायत, तुला माहीत आहे. मग मी कुठल्या तोंडानं इथं बसू?" चारुशीलाबाईंनी आवाज खाली आणला. "तुझ्यावर राग नाही गं. पण इथं तूप ठेवून पाठ फिरवायची आता भीती वाटते."

थोबाडीत बसली असती तर रुख्मिणीला कमी लागलं असतं. बाई डबा घेऊन कोपऱ्यावर ऑटोची वाट पाहत उभ्या राहिल्या.

"काढा ते," रुख्मिणी नवऱ्यावर ओरडली. "आत्ताच्या आत्ता काढा."

"अवं, भाऊच्या पोरायले काय सांगू?"

"वाऱ्यानं पडलं म्हना."

शालिकराम स्टुलावर चढला. एका बाजूची दोरी सुटली आणि भाऊंचा चेहरा लोंबायला लागला. तेवढ्यात खाली मोटारसायकल थांबली.

पियुष होता. भाऊंचा प्रचार सांभाळणारा. हा पोरगा कधी आवाज चढवत नसे, म्हणूनच त्याची जास्त भीती वाटायची.

"काय काका, सोडून राहिले काय?"

"नाई नाई. सैल झालं होतं. घट्ट करून राहिलो."

"मंग आमी कायले आहो?" पियुषनं डिक्कीतून तार आणि पक्कड काढली. "दोरीचा काई भरोसा नाई. धरा वरून."

शालिकरामनं दोन्ही हातांनी बॅनर वर धरलं. पियुष सावकाश तार पिळू लागला.

"बाक खाली दिसते, काकू. त्या बाई डबा घेऊन वापस काहून गेल्या?"

"घरी काम निंगालं त्याईले."

"कोन होय त्या?"

"गिऱ्हाईक."

"राह्यते कुठं?"

"मले काय माहीत? भट्टीवर कोन पत्ता इचारते?"

तिला सगळं माहीत होतं. बाईंची मुलगी बाळंत झाली तेव्हा डिंकाचे लाडू वळायला ती त्याच घरी जाऊन बसली होती.

पियुष हसला आणि त्यानं मान वर केली. "काका, तुमाले माहीत असन."

रुख्मिणी खोकली. दोनदा खोकली. पण शालिकरामला जन्मात कुणी विचारलं आणि त्यानं उत्तर दिलं नाही, असं झालं नव्हतं. त्यातून आत्ताच तो खोटं बोलताना पकडला गेला होता, आणि पियुषला खूश करायची त्याला घाई झाली होती.

"वकीलसाहेबाच्या मिसेस होय त्या," तो अदबीनं म्हणाला. "मारुतीच्या देवळामागं राह्यते. निळं गेट. साहेब दिवसभर अमरावतीले कोर्टात, बाई एकल्याच असते घरी."

"असं काय," पियुष म्हणाला. त्यानं तारेला शेवटचा पीळ दिला, उरलेलं टोक तोडलं आणि पक्कड जागेवर ठेवली. मग गाडी सुरू केली.

कोपऱ्यावर ऑटो अजून आला नव्हता. पियुषनं गाडी चारुशीलाबाईंच्या पुढ्यात आडवी लावली आणि थोडा वाकून, घरच्या माणसासारखा, काहीतरी बोलला. बाईंनी झटकन वळून भट्टीकडे पाहिलं. रुख्मिणीला ओरडून सांगायचं होतं, मी नाही, बाई, मी नाही.

"काय म्हणून राहिला वं तो त्याईले?" शालिकरामनं विचारलं. त्याचे हात अजून वरच होते.

"त्याईच्या घरचा पत्ता," रुख्मिणी म्हणाली.