सरावाची शवपेटी

"पाद्री व्हायला सेमिनरीत गेलास, तर तू मला मेलास," असं आईने निघताना ऐकवलं होतं. तरी प्रवेश घेण्याआधी एक दिवस राहून बघावं म्हणून तो आलाच.

दुपारी दफनविधीच्या सरावाचा तास होता. पेटी रिकामी असली की खांदा देणाऱ्यांना वजनाचा अंदाज येत नाही, म्हणून कुणीतरी आत झोपायचं, अशी तिथली पद्धत. आज तो मान पाहुण्याला मिळाला.

"घोरू नकोस हं," एक विद्यार्थी म्हणाला. "मागचा मेलेला भर प्रार्थनेत घोरत होता."

झाकण लागलं. हसू दाबत तो पडून राहिला. बाहेर प्रार्थना सुरू झाली आणि तिच्या आडून एका बाईचं रडणं ऐकू येऊ लागलं. थेट आईसारखं; मधेच हुंदका, मग नाक ओढणं. त्याचं हसू कुठल्या कुठे पळालं.

झाकण उघडताच त्याने विचारलं, "फादर, रडायला कुणाला बोलावलं होतं?"

विद्यार्थी खाली बघू लागले. खोलीत बाई नव्हतीच.

"कुणालाच नाही," म्हातारे फादर म्हणाले. "इथे प्रत्येकाला आपापली आई ऐकू येते. प्रवेशाआधी तेवढं ठाऊक असावं, म्हणून तुला आत झोपवलं."

"मग थांबते कधी? आईची समजूत पटली की?"

"समजूत माझ्याही आईची पटली होती रे." फादरनी झाकणावरून हात फिरवला. "तिला माती मीच दिली. तेव्हा रडणं पेटीच्या आतून येत होतं."