डाव्या हाताचं घुबड

“याच गावात जन्म गेला, आणि आता परक्यांसारखं बाणांमागे फिरायचं,” आर्मां काठी टेकत कुरकुरला.

“फिरायचं,” त्याची बायको यूगेत म्हणाली. “नाहीतर बस जाऊन खुर्चीत. खुर्चीला चार पाय असतात, पण कधी कुठं गेलीय का?”

फ्रान्समधल्या दिजों गावाच्या जुन्या गल्ल्यांत फरशीमध्ये पितळी बाण बसवलेत, प्रत्येकावर घुबड कोरलेलं. पाहुणे त्या बाणांमागून राजवाडा, लाकडी पट्ट्यांची घरं, चर्च असं बघत जातात. गावातली माणसं त्याच बाणांवर पाय देऊन भाजी आणतात.

अर्धांगाचा झटका आल्यापासून आर्मां आज पहिल्यांदाच इतका लांब आला होता. उजव्या हातात काठी, डावा कोटाच्या खिशात. तो आपणहून खिशात गेला नव्हता. सकाळी यूगेतनं उचलून आत ठेवला होता, रुमाल ठेवावा तसा.

आणि तो हात काही असातसा नव्हता. आर्मां डावखुरा. गावातल्या छपरांवरची हिरवी-पिवळी चकचकीत कौलं त्यानं जन्मभर त्याच हातानं बसवली होती. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी दर खेपेला बजावून जायची, अजून जीव आहे त्यात, हलवत राहा, नाहीतर कायमचा जाईल. आर्मां तिच्यासमोर मान हलवायचा. हात नाही.

चर्चच्या माथ्यावर घंटेशी उभे असलेले नवरा-बायकोचे पुतळे टोले द्यायला लागले.

“बघ,” यूगेत म्हणाली. “त्या पुतळ्याला काळीज नाही, तरी हात उचलतोय.”

“त्याला तेल घालतात.”

“तुला काल वाइनचे दोन पेले घातले. काय उजेड पडला?”

चर्चच्या बाजूच्या बोळात रांग लागली होती. तिथं भिंतीत, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, बाणांवरचं तेच घुबड, दगडात कोरलेलं. लोकांनी चोळून चोळून त्याला ना डोळे राहिलेत ना चोच. डावा हात ठेवायचा, मनात काहीतरी मागायचं, कुणाला सांगायचं नाही. उजव्या हाताचं मागणं धरत नाहीत. आर्मां तरुणपणी म्हणायचा, “शाळेनं उजवा मागितला, फौजेनं उजवा मागितला, पाद्र्यानंही उजवाच. माझा हात मागितला तो एका या घुबडानं.”

पुढच्या कोपऱ्यावर एक दगडी पाल आहे. मागणं मागून तिच्यासमोरून गेलं की ती ते गिळून टाकते, असं गाव म्हणतं. यूगेत म्हणते, गाव काय, काहीही म्हणतं. दगड घासून भलं होत असतं तर स्वयंपाकघराची फरशी घासून ती केव्हाच राणी झाली असती.

त्यांची पाळी आली.

“तूच लाव,” आर्मां म्हणाला. “मी उभा राहतो.”

यूगेतनं पिशवी खाली ठेवली, पुढं झाली आणि घुबडावर उजवा हात ठेवला. टेबल पुसावं तसा खसाखसा फिरवला.

मागं एक बाई छोट्या मुलीला कडेवर घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, “मादाम, डावा ना?”

“आमचं घुबड, आम्हालाच शिकवता?” यूगेत म्हणाली. “उजवाच लावायचा असतो.”

बाई ओशाळली. “बरं का बाळा, उजवा लावायचा,” ती मुलीला म्हणाली. मुलीनं वर केलेला डावा हात खाली घेतला.

आर्मांची मान लाल झाली.

“यूगेत! लेकराला काय खोटं शिकवतेस? डावा! डावा लावायचा!”

“कुठला?” यूगेतचा उजवा हात घुबडावर तसाच. “मला नाही कळलं. दाखव बरं.”

आधी खिसा हलला. मग हात बाहेर आला, बोटं अर्धवट मिटलेली. छातीपर्यंत चढला, खांद्यापर्यंत चढला, आणि तिथं अडकला. यूगेतनं घुबडावरचा हात काढून त्याच्या कोपराखाली धरला. वरच्या वीतभर चढाला तिनं आधार दिला. वीतभरच. त्याच्या दोन बोटांनी दगड चोळला.

“हा,” आर्मां धापा टाकत म्हणाला. “हा डावा.”

“असं होय,” यूगेत म्हणाली. “म्हातारपणी शिकले बाई.”

मागच्या मुलीनं आपला डावा हात पुन्हा वर केला.

दोघं रांगेतून बाहेर आली. त्याचा हात खिशाबाहेरच होता. यूगेतनं तो पाहिला, आणि या वेळी आत ठेवला नाही.

“तू काय मागितलंस?” त्यानं विचारलं.

“उजव्या हातानं? ते धरतच नाहीत ना.”

“मग मी सांगतो, मी काय मागि—”

“तोंड बंद! सांगायचं नसतं.”

आर्मां हसला आणि सवयीनं समोरच्या कोपऱ्याकडे वळला. तिथून घर जवळ. यूगेतनं मागून त्याचा कोट धरला आणि त्याला उलटा फिरवला.

“अगं, घर इकडं आहे.”

“मला माहीत आहे घर कुठं आहे ते.”

“मग? तिकडून चढ आहे. आख्ख्या चर्चला वळसा पडेल.”

“पडू दे,” यूगेत म्हणाली, आणि त्या पालीकडे मान वळवूनही न बघता त्याला लांबच्या वाटेनं घेऊन निघाली.