नीट अडखळ

हे तुमचं काम आहे. राजधानीतल्या गार खोलीत बसून नियम तुम्ही केलात. ज्या शाळेतली लहान मुलं वाचत नाहीत, त्या शाळेला वाचनाचं अनुदान. आणि मुलं वाचायला लागली रे लागली, की अनुदान बंद. पोहायला शिकणाऱ्याचे हात हलले की दोर कापायचा, आणि वर काठावर उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

तर या, बघा. शाळेची मागची खोली. पूर्वी इथे मोडकी बाकं रचलेली असत. आता सतरंजी आहे, मुलांच्या हाताला लागतील अशी बुटकी कपाटं आहेत, त्यांत कोपरे मऊ पडलेली पुस्तकं आहेत. टेबलाशी तपासणीच्या मॅडम. त्यांच्यासमोर दुसरीतली एक मुलगी, जिला सगळी शाळा भिंगरी म्हणते, कारण ती खुर्चीवर बसूनसुद्धा गरगरते. भिंतीला टेकून हेडसर. दाराशी वाचनाच्या बाई. त्यांची नेमणूक अनुदानातली. अनुदान गेलं की बाई, पुस्तकं, सतरंजी, सगळं चंबूगबाळं उचललं जाणार.

भिंगरीचा नंबर शेवटचा. आधीची निम्मी मुलं वाचून गेली, निम्मी अडून बसली. आता हिने वाचलं तर वाचणारी निम्म्याहून जास्त होऊन शाळा 'वाचणारी' ठरणार आणि खोलीला कुलूप लागणार.

सकाळी बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आज येतं तेवढं सगळं वाचायचं नाही. भिंगरीने विचारलं, का? बाई म्हणाल्या, तुझ्या धाकटीसाठी. धाकटी पहिलीत, तिला अजून 'क' आणि 'फ' जुळे वाटतात, आणि तिची या खोलीत यायची पाळी अजून लागायची होती. भिंगरीला ते लगेच पटलं. कळेना एवढंच, की वाचायचं नाही म्हणजे करायचं काय. अक्षर दिसलं की ते आपोआप वाचलं जातं, ती म्हणाली, डोळे मिटून वाचू का? मग बाईंनी तिला अडखळायला शिकवलं. वर्षभर खपून जे तिच्या जिभेवरून घालवलं, तेच परत घासून बसवलं. शिकवताना बाई तिच्याकडे बघत नव्हत्या.

मॅडमनी नवं सीलबंद पाकीट फोडून आतला कागद पुढे सरकवला.

"शिं... शिंप्याने... शा... शाळेसाठी सदरा शिवला."

कागदावर 'शेळीसाठी' होतं. मॅडमनी चूक टिपली. जन्मभर चुकीवर डोळे वटारलेल्या हेडसरांनी खुशीने मान डोलावली. भिंगरी दुसऱ्या ओळीवर आली, पहिल्या शब्दाला अडली, तो सोडून दुसऱ्याला अडली. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. बाईंच्या मुठीत आवळलेला पदर सैल झाला.

आणि भिंगरी फिसकन हसली. तिने तोंडावर हात दाबला, तरी खांदे हलायचे थांबेनात. मॅडमनी विचारलं, काय झालं?

"मीठ कमी होतं म्हणे," भिंगरी म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेचना.

कागदावरच्या गोष्टीतली शेळी तो सदरा खाऊन टाकते आणि शिंप्याला सांगते, सदरा छान होता, फक्त मीठ कमी होतं. ती ओळ कागदाच्या पार तळाला होती. भिंगरीचं तोंड वर अडखळत होतं, डोळे केव्हाच खाली जाऊन आले होते.

हेडसर म्हणाले, मुलंच ती, कशालाही हसतात. मग म्हणाले, गोष्ट कुठेतरी ऐकली असेल. मॅडम म्हणाल्या, पाकीट मी आत्ता तुमच्यासमोर फोडलंय. हेडसरांनी आणखी काहीतरी सुरू केलं, ते त्यांचं त्यांनाच खरं वाटेना, तेव्हा अर्ध्यावरच सोडलं.

"अभिनंदन, सर," मॅडम म्हणाल्या. "मुलगी छान वाचते."

त्यांनी पेन टेकवायच्या आत बाईंनी कागदावर तळवा ठेवला. साहेबांपुढे कोणी बोलत नाही तसं बोलल्या. पहिलीची मुलं वाचायला लागेपर्यंत तरी थांबा म्हणाल्या. मला काढा, दुसऱ्या कुणाला आणा, पण खोली ठेवा म्हणाल्या. हिला वाचता येतं ते या खोलीमुळे, आणि हिला येतं म्हणून खोली बंद, हे तुम्ही तरी त्या पोरांना समजावून सांगा म्हणाल्या. मॅडमनी ऐकून घेतलं. नियम माझा नाही, म्हणाल्या. ते मात्र खरं होतं. तो तुमचा आहे.

भिंगरीचं हसू एव्हाना आटलं होतं. तिने बाईंचा हात बघितला, मग तोंड बघितलं.

"परत घ्या ना, मॅडम. आता नीट अडखळते. हसणार नाही."

मॅडमनी पेन उचललं. पण टेकवलं नाही. त्याही कधीतरी शिक्षिका असतील, कोण जाणे.

"तू सांगशील ते लिहिते," त्या हळूच म्हणाल्या. "तुला वाचता येतं?"

भिंगरी खुर्चीवर पहिल्यांदाच स्थिर बसली होती. तिने मान वळवून बाईंकडे बघितलं. हेडसर खिडकीबाहेर बघू लागले. मॅडमचं पेन कागदाच्या वर तसंच थांबलेलं.

"बाई, सांगा ना," भिंगरी म्हणाली. "येतं का मला?"